नऊ वर्षांचा करार

पंचवटीतल्या वेदपाठशाळेजवळून सकाळी जाणाऱ्याला एक गोष्ट सहज दिसते. गुरुजी प्रत्येक वेळी समोर असतातच असे नाही. पुष्कळदा पुढे गेलेला विद्यार्थीच धाकट्याला संथा देत असतो. तो एकदा म्हणतो, धाकटा दोनदा म्हणतो. स्वर चुकला की मान हलते आणि पुन्हा पहिल्यापासून. धाकट्याची संथा होते, तशी थोरल्याचीही उजळणी होते. पंतोजीच्या धूळपाटीवरही हेच चालत असे. मद्रासेत अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने अशाच देशी शाळेत वाळूवर अक्षरे गिरवणारी मुले पाहिली आणि थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेण्याची पद्धत आपल्या अनाथाश्रमात बसवली. १७९७ साली त्याने त्यावर पुस्तिका काढली आणि इंग्लंडात 'मद्रास पद्धत' म्हणून तिचा गाजावाजा झाला. आपला माल विलायतेचा शिक्का घेऊन परत येतो, त्यातलाच हा प्रकार.

पण या लेखाचा विषय पाठशाळा नाही, गाणे आहे. आणि त्याचा एक धागा नाशकात येऊन पोचतो.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. लहानपणी दारूकामाच्या स्फोटात डोळे अधू झाले, म्हणून शालेय शिक्षण सुटले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. ते जुन्या रीतीचे होते. गुरुगृही राहायचे, सेवा करायची आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा, मनात येईल तेवढी तालीम घ्यायची. शंका विचारण्याची सोय त्या रीतीत फारशी नव्हती. १८९६ साली बुवांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, तर लोकवर्गणी, फी आणि तिकीट लावून केलेल्या जलशांवर चालणारी ही शाळा होती. घरंदाज मुलामुलींनी गाणे शिकणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई, हेही लक्षात घेतले पाहिजे.

शाळा काढली खरी, पण शिकवायला माणसे कुठून आणायची? खाँसाहेब येऊन बाराखडी शिकवणार नव्हते. बुवांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे उपदेशक वर्ग. होतकरू मुलांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घ्यायचा. राहणे, जेवण, शिक्षण सारे फुकट. बदल्यात शिस्त कडक, आणि मुलाने आपण शिकत असतानाच खालच्या वर्गांना शिकवायचे. १९०८ मध्ये मुंबईला शाळा निघाली, तिथेही हीच व्यवस्था होती.

याकडे दोन प्रकारे पाहता येते. पहिला प्रकार हिशेबी आहे. बुवांकडे पैसा नव्हता, पगारी मास्तर परवडत नव्हते, म्हणून पोरांना राबवले. हे मत मला अगदीच चुकीचे वाटत नाही. नऊ वर्षे हा मोठा काळ आहे, आणि वाढत्या वयातल्या गळ्याला दिवसभर वर्ग घेऊन पुन्हा रियाज करायचा म्हणजे चैन नव्हे. पण एवढ्यावर थांबलो तर पुढचे कोडे सुटत नाही. गांधर्व महाविद्यालयावर एक आक्षेप तेव्हाही होता आणि आजही ऐकू येतो, की शाळेत गवई तयार होत नाहीत. बुवांच्या नावावर सांगितले जाणारे उत्तर प्रसिद्धच आहे: तानसेन नाही तर नाही, कानसेन तर होतील! मग ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी आली कुठून? फी भरून संध्याकाळी तासभर येणाऱ्यांतून ती आली नाहीत. ज्यांनी शिकता शिकता शिकवले, त्यांतून ती आली.

असे का व्हावे, याचे उत्तर मला भूप रागात सापडते. भूपात सा रे ग प ध हे पाच स्वर आहेत. देशकारातही तेच पाच. गुरूच्या मागून गाणाऱ्याला यात अडचण येत नाही. त्याच्या गळ्यावर दोन्ही राग वेगवेगळे बसलेले असतात. पण वर्गातला दहा वर्षांचा मुलगा विचारतो, "मास्तर, स्वर तेच, मग नावं दोन कशाला?" आता मास्तरला, जो स्वतः अठराएक वर्षांचा आहे, आपल्याच गळ्यात डोकावून पाहावे लागते. भूपात आपण गंधारावर विसावतो, देशकारात धैवत धरतो. भूप खालच्या अंगात रमतो, देशकार वरच्या. हे त्याला येत होतेच, पण येते आहे हे माहीत नव्हते. शिवाय दुसऱ्याच्या गळ्यातून आलेली चूक जशी स्पष्ट ऐकू येते, तशी आपली येत नाही.

यात बुवांच्या स्वरलेखनाची भर पडली. त्यांनी स्वतःची लिपी बसवली, 'संगीत बालप्रकाश', 'रागप्रवेश' अशी क्रमिक पुस्तके छापली. चीज कागदावर उतरवायची तर मोघम चालत नाही. मात्रा कोणती, स्वर कोमल की शुद्ध, हे ठरवावेच लागते. ग्वाल्हेरची गायकीही या कामाला सोयीची होती. तिच्यात आधी प्रचलित राग, स्थायी-अंतऱ्याची स्वच्छ मांडणी, मग आलाप, बोलताना, असा पायऱ्यांचा रस्ता आहे.

ओंकारनाथांना बुवांनी लाहोरच्या शाळेचे प्रमुख केले, तेव्हा ते विशीच्या आसपास होते. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताची उभारणी त्यांनी केली आणि 'संगीतांजली'चे भाग लिहिले. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि 'रागविज्ञान' सात भागांत लिहिले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, 'आश्रम भजनावली'चे संकलन केले आणि १९३० मध्ये दांडीयात्रेतही चालले. देवधरांनी मुंबईत स्वतःची शाळा काढली. तिथे १९३६ च्या सुमारास कुमार गंधर्व नावाचा मुलगा आला आणि विशी गाठण्याआधीच त्याच शाळेत शिकवू लागला. कुमारांची बंडखोरी सर्वांना ठाऊक आहे. तिच्या मुळाशी ही मास्तरकी आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

आज विशारद झाला की मुलगा लगेच क्लास काढतो. नाशकात असे क्लास गल्लोगल्ली आहेत. मग तेही शिकता शिकता शिकवतात म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. उपदेशक वर्गातल्या मुलाच्या डोक्यावर बुवा होते. वर्गात अडलेली शंका घेऊन त्याला गुरूसमोर बसता येत होते. एकट्याने काढलेल्या क्लासमध्ये मास्तरची चूक ऐकणारे कोणी नसते, आणि तीच चूक वीस-वीस गळ्यांत उतरते.

बुवांचा शेवटचा काळ कष्टाचा गेला. मुंबईच्या इमारतीचे कर्ज फिटले नाही, वास्तू लिलावात गेली. त्याआधीच त्यांचे मन रामभक्तीकडे वळले होते. १९२२ च्या सुमारास त्यांनी नाशकात रामनाम आधार आश्रम काढला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले.

मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. वडिलांकडून पुरती तालीम मिळण्याइतका वेळच नियतीने दिला नाही. नाशकात चुलतबंधू चिंतामणराव पलुस्करांनी त्याला पुढे शिकवले. नंतर तो पुण्याला विनायकरावांकडे गेला. नारायणराव व्यासांचेही मार्गदर्शन त्याला मिळाले. म्हणजे वडिलांनी ज्यांना करार करून शिकवायला लावले, त्यांच्याकडून वडिलांची विद्या मुलाला मिळाली. १९३५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, डी. व्ही. पलुस्कर जालंदरच्या हरिवल्लभ मेळ्यात गायला बसले. वडिलांची लाहोरची शाळा त्याच पंजाबात होती.