मूळ प्रत

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही सगळे लग्नाला गेलेलो, घराला कुलूप. कुरियरवाल्याने पार्सल कंपाउंडच्या आत पत्र्याच्या पेटीवर ठेवलं आणि तो निघून गेला. आता जळगावचा मे म्हणजे काय ते जळगावकरांना सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेला तरी आम्ही "आज जरा बरं आहे" म्हणतो. संध्याकाळी परतलो तेव्हा तो चौकोनी खोका नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा गरम होता. आत माइल्स डेव्हिसचं 'काइंड ऑफ ब्लू', १८० ग्रॅम वजनाची नवी छापलेली प्रत. कडेला पापडासारखी लाट आलेली!

बायको म्हणाली, "एवढे पैसे देऊन प्लॅस्टिकच घेतलंत ना?"

खरंच आहे तिचं. एलपी म्हणजे पीव्हीसीच. पाइप पीव्हीसीचा, तबकडीही पीव्हीसीच्याच कुळातली (फक्त तिच्यात व्हिनाइल अ‍ॅसिटेट मिसळलेलं असतं). आणि पीव्हीसीचे पाइप, प्लॅस्टिकच्या चटया ही तर आमच्या जळगावची ओळख. हा माल ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि उन्हात तापलेला पत्रा तिथवर सहज पोचतो. म्हणजे पाइपांच्या गावात बसून मी अमेरिकेहून पीव्हीसी मागवतो आणि तो माझ्याच पत्र्यावर वितळतो. असो.

त्याआधीची तबकडी प्लॅस्टिकची नव्हती, लाखेची होती. हो, बांगड्यांची लाख, तीच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर किडे जी लाख करतात, तिच्यापासून शेलॅक बनतं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत ते जेमतेम पाव ते एक-तृतीयांश असे, बाकी दगडाची बारीक पूड आणि रंगासाठी काजळी. दगडाची पूड मुद्दाम घालत, म्हणजे पोलादी सुई घासून खाचेच्या मापाची होई. त्यामुळेच तो खरखराट, आणि त्यामुळेच दर बाजूला नवी सुई. जगाला ही लाख मुख्यतः आपला देश पुरवत असे. १९४२ साली जपान युद्धात पुढे सरकला तेव्हा अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या शेलॅकमध्ये ७० टक्के कपात केली, आणि नवी तबकडी करायला लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून दळल्या गेल्या. कुणाकुणाचं गाणं त्यात भरडलं गेलं असेल! तबकड्या भंगारात जाण्याची परंपरा जुनी आहे, हे इथे सांगून ठेवतो. का, ते पुढे येईल.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि लाखेचे दिवस भरले. आपल्याकडे मात्र लाखेच्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या.

माझ्या धुळ्याच्या काकांकडे दोन्ही प्रकार होते. (धुळ्यात जुन्या भागात गल्ल्यांना नंबर असतात. काकांची गल्ली नंबरवालीच, पण नंबर सांगत नाही.) त्यांच्याकडे एचएमव्हीचा फिएस्टा होता, सुटकेससारखा उघडणारा. मास्तरकीच्या पगारातून महिन्याला एखादी तबकडी. प्रत्येक कव्हरच्या उजव्या कोपऱ्यात शाईने नाव आणि तारीख. त्यात एक होती शंकर-जयकिशनची 'रागा जॅझ स्टाइल', १९६८ सालची. सिनेमाची नव्हे बरं का! अकरा राग, जॅझच्या अंगाने. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवायचं आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचं, ही गोव्याच्या वादकांची वाट तोवर जुनी झाली होती. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अंतोनियो व्हाझ तर ट्रम्पेटवाले म्हणून ताजमध्येही वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातही. मला जॅझ हा शब्द कळला तो काकांच्या त्या तबकडीमुळे. धुळ्यात, सहावीत असताना.

आता ही जी 'ऑडिओफाइल' पुनर्मुद्रणं, म्हणजे जुन्या गाजलेल्या रेकॉर्डची महागडी नवी छपाई, तिची कथा. १९७७ च्या सुमारास अमेरिकेत मोबाइल फिडेलिटी नावाच्या कंपनीने एक युक्ती लोकप्रिय केली. मूळ टेप आणि खाच कोरणारं यंत्र, दोन्ही निम्म्या वेगाने चालवायचं. कोरणाऱ्या टोकाला दुप्पट वेळ मिळतो, बारीक झंकार नीट उमटतात. मग ती तबकडी जपानात छापून घ्यायची. ग्राहक दुप्पट-तिप्पट पैसे द्यायला तयार. सीडी आली, एलपी मेली असं सगळ्यांनी ठरवलं, तरी हे लोक ऐकेनात. त्यातलाच एक चॅड कॅसम, १९८६ पासून कॅन्ससमधल्या सलायना गावातून तबकड्या विकतोय. गाव केवढं, तर आपल्या पारोळ्यापेक्षा थोडंच मोठं, आणि प्रसिद्ध गव्हासाठी. तिथे त्याने २०११ मध्ये तबकड्या छापायचा स्वतःचा कारखाना काढला आणि जगभरचे शौकीन त्या गव्हाच्या गावाकडे डोळे लावून बसले. (आमच्याकडे केळी आहेत, पाइप आहेत, ऊन आहे. पण कारखाना काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.)

या सगळ्या शौकाचा पाया एका शब्दावर: मूळ. मूळ टेपवरून थेट तबकडी, मध्ये संगणक नाही. आणि २०२२ च्या जुलैत उघड झालं की मोबाइल फिडेलिटी गेली कित्येक वर्षं मध्ये डिजिटल पायरी वापरत होती. झाकणावर मात्र 'ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग' असं दिमाखात. ओरड झाली, कोर्टकचेरी झाली, कंपनीला तडजोड करावी लागली. पण गंमत पाहा, त्याच तबकड्यांच्या अ‍ॅनालॉग उबेचं कौतुक जाणकार कान वर्षानुवर्षं करत आले होते. मला यात फसवणूक दिसते, नक्कीच. पण कानांपेक्षा कव्हरवरची अक्षरं जास्त ऐकली, हेही दिसतं.

'काइंड ऑफ ब्लू'चं तर आणखीच मजेशीर. १९५९ च्या मार्चमध्ये पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा एक टेपयंत्र जरा हळू चालत होतं. तीच टेप योग्य वेगाने वाजवून तबकडी कोरली, त्यामुळे ती बाजू किंचित चढ्या सुरात निघाली. तीसेक वर्षं जग तेच ऐकत होतं, कित्येक शिकाऊ वादकांनी रेकॉर्डबरोबर वाजवताना वाद्यं तशी लावून घेतली असतील. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून दुरुस्ती झाली. आता सांगा, मूळ कुठलं? १९५९ ची पहिली छपाई चुकीची आहे आणि नवी बरोबर!

आपल्या संगीतात तर हा प्रश्न फार मोठा आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, छपाई जर्मनीत हॅनोव्हरला. त्या काळी ७८ फेऱ्या हा कागदावरचा आकडा. कुठे ७४, कुठे ८०. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. मग अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी आपण ऐकतो, तो त्यांचा षड्ज की आपल्या यंत्राचा? १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जुन्या तबकड्या, कॅटलॉग, लेबलं जपायचं मोठं काम केलं, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक काढलं. पण माइल्सच्या टेपवर जेवढे हात आणि जेवढा पैसा ओतला गेला, त्याच्या शतांशानेही आमच्या खाँसाहेबांच्या वाट्याला आला नाही. याचा मला राग येतो. आणि तरी मी पैसे माइल्सवर घालवतो, हेही कबूल.

आणखी एक कबूल करायचं आहे. १९९७ साली काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला गेलेले, घराला रंग द्यायचा होता आणि माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे. घरोघरी कॅसेट होती, फिएस्टा बंद पडून वर्षं झालेली. मी दोन ट्रंका भंगारवाल्याला किलोवर दिल्या, कव्हरं रद्दीत. काकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, वाळवी लागली होती. त्यांनी परत कधी विषय काढला नाही.

'रागा जॅझ स्टाइल'ची मूळ प्रत आज शौकिनांमध्ये जी किंमत मागते ती ऐकून मी गप्प होतो. पण मध्यंतरी परदेशात ती पुन्हा छापली गेली आणि मी एक प्रत मिळवली. (माइल्स सध्या दोन काचांमध्ये दाबून ठेवलाय, लाट थोडी उतरली आहे.) या दिवाळीत ती आणि माझं टर्नटेबल घेऊन एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेलो. काका आता ऐंशीच्या पुढे. त्यांनी कव्हर हातात घेतलं, उलटसुलट केलं, उजव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"हाई मनी नही शे," म्हणाले.

मग मी सांगितलं सगळं. वाळवीचंही. पहिली बाजू वाजत होती, काका डोळे मिटून होते, ऐकताहेत की नाही कळेना. बाजू संपल्यावर विचारलं, "कितले दिन्हात त्यानी?"

"एकशे चाळीस."

"कमी दिन्हात," म्हणाले आणि तबकडी उलटवायला स्वतःच उठले.