काळे दात, पांढरे दात

परवा नातीचा फोन आला. तिचं लग्न ठरलंय. फोटो चांगले यावेत म्हणून ती डेंटिस्टकडे जाऊन दात पांढरे करून घेणार आहे. "आजी, तुमच्या वेळी होतं का गं असलं काही?"

म्हटलं, होतं तर! फक्त रंग उलटा होता. माझ्या आजीनं दात काळे करून घेतले होते.

तिला वाटलं, मी थट्टा करतेय. म्हणून हे लिहायला घेतलं.

आजीच्या कोनाड्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी एक पितळी डबी असे. तिच्यात दातवण. हिरडा, मायफळ आणि हिराकस यांची ती पूड. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. हिरड्या-मायफळातल्या तुरट द्रव्याशी त्याचा संयोग झाला की दाट काळा रंग तयार होतो. जुनी काळी शाईसुद्धा याच रसायनाची. म्हणजे बोरूनं कागदावर चढायचं तेच बायकांच्या दातांवर चढायचं! आणि हे काही आपल्याकडचंच खूळ नव्हे. जपानात लोखंड आणि मायफळासारख्याच पदार्थानं दात काळे करत. त्याला ओहागुरो म्हणतात. 1870 साली तिथल्या सरकारनं सरदार घराण्यांना ते बंद करायला लावलं आणि 1873 साली खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. मग हळूहळू ती चाल मोडली.

शब्दाची गंमत पाहा. संस्कृतातलं दंतधावन म्हणजे दात स्वच्छ करणं. वाग्भटानं त्यासाठी काडी सांगितली आहे, करंगळीच्या टोकाइतकी जाड, बारा अंगुळं लांब, चवीला तुरट, तिखट किंवा कडू. वड, खैर, करंज अशी झाडंही दिली आहेत. हिंदीत दातून म्हणजे अजून काडीच. आपल्याकडे मात्र दातवण म्हणजे दात रंगवायची पूड झाली. स्वच्छतेचा शब्द शृंगाराच्या अंगावर गेला.

आमच्या घरात दातवण हे सौभाग्याचं लेणं होतं. 1958 साली आजोबा गेले. मी आठ वर्षांची होते. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या आणि त्या दिवसापासून पितळी डबीही कोनाड्यातून गेली. आजीच्या दातांचा काळेपणा मात्र पुरता कधीच गेला नाही.

काही महिन्यांनी कोनाड्यात दुसरी डबी आली, पत्र्याची. ती मशेरीची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटायची. त्या उग्र वासानं आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. दातवण विधवेला वर्ज्य, पण मशेरीला कुणी हरकत घेतली नाही. कारण ते लेणं नव्हतं, ते दात घासणं होतं! आजी सकाळी घासायची, जेवल्यावर घासायची, दुपारी भिंतीला टेकून बोट तोंडात घालून बसायची. "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही," म्हणायची. तिनं विडी ओढली असती तर गावानं तोंडात शेण घातलं असतं. तीच तंबाखू हिरडीवाटे अंगात जात होती, तर घरात कुणी तिला व्यसन म्हटलं नाही. खरं तर तंबाखू ही पोर्तुगीजांबरोबर आलेली, चार-साडेचारशे वर्षांपूर्वीची. पण जुन्या चालीचं सोंग तिनं इतकं बेमालूम घेतलं की ती वाग्भटापासूनची वाटावी.

1968 साली आजीच्या गालाला आतून चट्टा पडला. दाढ दुखतेय म्हणून लवंग ठेवली, हळद लावली. पुढे तोंड उघडेना. तालुक्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. 1969 च्या पावसाळ्यात ती गेली. "दाढेच्या दुखण्यानं गेली" असंच घरात सांगत राहिले.

आता मनाला लागलेली गोष्ट. मी शिक्षिका झाल्यावर आरोग्याच्या तासाला मुलांची नखं आणि दात तपासत असे. सातवीतली एक मुलगी अभिमानानं म्हणाली, "बाई, मी रोज दोनदा घासते, मशेरीनं." मी म्हटलं, "दात काळे पडतात गं, पांढरी पावडर वापर." बस्स. आजीच्या गालातला चट्टा आणि ती पत्र्याची डबी यांचा संबंध मला, शिकलेल्या बाईला, तेव्हाही लावता आला नाही. माझंही लक्ष रंगाकडेच!

1992 साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो आणि आता पाकिटावरच धोक्याचा इशारा छापलेला असतो. पण घरच्या तव्यावर कुठला कायदा पोचणार? तिथे बाईच पोचायला हवी होती.

असो. नातीला सांगितलं, कर बाई पांढरे, हौसेला मोल नसतं. पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कर. ते पेरॉक्साइडचं औषध असतं, थोडे दिवस दातांना ठणका लागू शकतो. आणि पांढऱ्याच्या नादात राखुंडी किंवा कोळसा खसाखसा घासू नकोस. दाताचं वरचं कवच एकदा झिजलं की पुन्हा येत नाही, आतला पिवळा भाग उलट जास्त दिसायला लागतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी ते दाखव. आणि आरशात दात बघतेस तेव्हा गाल आतून, जीभ उचलून खालूनही बघ. पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर लवंग ठेवत बसू नकोस.

ती हसून म्हणाली, "आजी, तू तर तासच घेतलास."

घ्यायचा राहिला होता एक.