धूळपाटीची विलायतवारी

पंतोजींच्या शाळेत ज्यांनी मुळाक्षरे गिरवली अशी पिढी आता उरलेली नाही. तथापि त्या शाळेची जी वर्णने जुन्या गृहस्थांनी लिहून ठेवली आहेत, त्यांत एक गोष्ट इतक्या सहजतेने येऊन जाते की वाचणाऱ्याचे तिच्याकडे लक्षही जात नाही. ओसरीवर बसलेल्या मुलांपैकी प्रत्यक्ष पंतोजींपुढे बसून धडा घेणारी मुले थोडी असत. ज्याची बाराखडी पक्की झाली त्याने धूळपाटीवर ‘ओनामासीधं’ काढणाऱ्या नवख्याचे बोट धरावे, ज्याला मोडीचे वळण साधले त्याने बालबोधवाल्याची अक्षरे पाहावी, आणि ज्याची औटकी तोंडपाठ झाली त्याने दिवेलागणीच्या सुमारास पुढे उभे राहून साऱ्या शाळेकडून परवचा म्हणवून घ्यावा, असा शिरस्ता होता. ही काही विशेष पद्धती आहे असे पंतोजींना वाटत नसे, मुलांना वाटत नसे, आणि शिधा घेऊन येणाऱ्या आईबापांना तर त्याची विचारपूस करण्याचेही कारण नव्हते. अशा या निनावी शिरस्त्याला पुढे विलायतेत दोन जनक लाभले, त्यांच्या जनकत्वावरून तेथे पक्षोपपक्ष झाले, आणि अखेर तो एका इंग्रज गृहस्थाचे नाव लावून मुंबईच्या धक्क्यावर परत उतरला. त्याची ही कुळकथा आहे.

या पद्धतीचे सर्वांत जुने आणि माझ्या मते सर्वांत सुंदर वर्णन एका रोमन प्रवाशाने केलेले आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले हा १६२३ साली गोव्यास होता, आणि तेथून पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाच्या दरबारी निघाला होता. गेरसोप्प्याहून घाट चढून गेल्यावर एका मुक्कामी ओझी बांधण्याचे काम चालले असताना तो वेळ घालवण्यासाठी देवळाच्या ओवरीत जाऊन बसला. तेथे त्याला चार मुले अंकांचा धडा घोकताना दिसली. गुरुजींकडून चौघांनी एकच पाठ घेतलेला होता आणि गुरुजी तेथे नव्हते. चौघांपैकी एकाने एका सुरात धड्याचा एक चरण गाऊन म्हणावा, म्हणता म्हणता समोरच्या फरशीवर पसरलेल्या बारीक वाळूत तो अंक बोटाने लिहावा, आणि मग बाकीच्या तिघांनी तेच गात, तेच लिहावे. फरशी भरून गेली की लिहिलेले मोडून नवी वाळू पसरावी आणि पुढे चालावे. हा परदेशी गृहस्थ मोठा चौकस होता. त्याने मुलांना विचारले की, तुमच्यापैकी कोणी विसरला किंवा चुकला तर येथे गुरू नसताना त्याला दुरुस्त कोण करणार? मुलांनी सांगितले की, चौघेही एकाच ठिकाणी विसरतील असे होणे नाही. एक चुकला तर दुसरा सांगतो, म्हणून तर आम्ही एकत्र बसतो. देल्ला वाल्लेला हे पटले, आणि शिकण्याची ही रीत सोपी व खात्रीची आहे असा शेरा त्याने मारून ठेवला.

त्या चार मुलांत कोणी वडील नव्हता आणि कोणी नायकही नव्हता, ही बाब येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गुरूचे काम त्यांच्यात फिरते होते. ज्याला त्या क्षणी आठवले तो त्या क्षणापुरता गुरू. मोठ्या शाळांतून मात्र हे काम एखाद्या जाणत्या मुलाकडे स्थिर होई. तमिळ मुलखातील तिण्णैवरच्या, म्हणजे घराच्या ओट्यावरच्या, शाळांत अशा मुलाला ‘चट्टांपिळ्ळै’ म्हणत, आणि गुरू नसताना शाळेचा सर्व बंदोबस्त त्याच्याकडे असे. आपल्याकडल्या शाळांतही वडील मुलगा असेच. पण तो शिकता शिकता शिकवी. शिकवून मोकळा होत नसे.

यानंतर सुमारे एकशे पासष्ट वर्षांनी कथेत अँड्र्यू बेल येतो. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज गावी एका न्हाव्याच्या घरी १७५३ साली जन्मलेला हा पाद्री काही वर्षे अमेरिकेत व्हर्जिनियात शिकवणी करून परतला होता, आणि १७८७ साली मद्रासेस येऊन कंपनीच्या पलटणींचे धर्माधिकारीपण त्याने एकाच वेळी अनेक ठिकाणचे मिळवले होते. पैशाच्या बाबतीत तो मोठा दक्ष होता. म्हणूनच, १७८९ साली एग्मोर येथे गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी जो आश्रम निघाला त्याचे अधीक्षकपद घेताना त्याने नेमलेला पगार नाकारला, ही गोष्ट त्याच्या पुण्यपक्षात अवश्य मांडावी लागते. या आश्रमातील मुले बहुतेक हिंदी मातांची आणि युरोपियन बापांची होती. शिक्षक म्हणून जी माणसे मिळत ती तुटपुंज्या रोजमुऱ्यावर आलेली, आणि नवी रीत सांगितली की खांदे उडवणारी.

एके दिवशी सकाळी घोड्यावरून रपेट करताना बेलला एक ‘मलबारी’ शाळा दिसली. मद्रासचे इंग्रज त्या काळी तमिळ माणसालाच मलबारी म्हणत, हे येथे सांगितले पाहिजे. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. बेल तडक परत आला आणि आश्रमातील सर्वांत खालच्या वर्गावरच्या शिक्षकाला त्याने हुकूम केला की, उद्यापासून मुळाक्षरे वाळूत शिकवावी. शिक्षकाने हे होण्यासारखे नाही म्हणून सांगितले. तेव्हा बेलने तो वर्ग जॉन फ्रिस्कन नावाच्या, एका साध्या शिपायाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवला, आणि जे शिक्षकाला अशक्य वाटत होते ते त्या मुलाने करून दाखवले. थोड्याच काळात आश्रमाचे वर्गामागून वर्ग मुलांच्याच हाती गेले.

येथे क्षणभर वाळूपाशीच थांबले पाहिजे, कारण तिच्यात जे गुह्य होते ते केवळ कागद वाचवण्याचे नव्हते. युरोपातील शाळांतून त्या काळी वाचन आधी आणि लेखन फार मागाहून, असा क्रम होता. गरिबांची कितीतरी मुले थोडेबहुत वाचावयास शिकून, लेखणी हाती न धरताच शाळेतून जात. आपल्याकडे अक्षर डोळ्यांनी पाहणे, तोंडाने म्हणणे आणि बोटाने काढणे या तिन्ही क्रिया एकाच वेळी होत. किंबहुना लिहिल्यावाचून अक्षराची ओळखच होत नसे. शिवाय वाळूतले चुकलेले अक्षर तळहात फिरवला की नाहीसे होते. कागद फुकट गेल्याचा धाक मुलाला नसतो, आणि दुरुस्त करणारा सोबतीही त्याच्याच वयाचा असल्यामुळे चुकण्याची लाजही अर्धी होते. ही दोन्ही अंगे एकमेकांना धरून होती. पण बेलने पुढे जी कैफियत मांडली तीत त्याने त्यांची फारकत केली: वाळू तेवढी मी देशी शाळेतून उचलली, मुलांकडून मुलांना शिकवण्याची कल्पना माझी स्वतःची आहे, असे त्याचे म्हणणे होते. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही. घोड्यावरून जाता जाता वाळू दिसते. कोण कोणाला शिकवतो आहे हे दिसण्यासाठी खाली उतरावे लागते, देल्ला वाल्लेसारखे ओवरीत बसावे लागते.

१७९६ साली बेल स्वदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याने मद्रासच्या प्रयोगाचे एक छोटे पुस्तक काढले. शाळेने किंवा कुटुंबाने, गुरूच्या वा बापाच्या नुसत्या देखरेखीखाली, स्वतःच स्वतःला शिकवावे, हा त्याचा आशय पुस्तकाच्या लांबलचक नावातच सांगितलेला होता. पुस्तकाकडे प्रथम फारसे कोणी पाहिले नाही. १७९८ साली लंडनच्या सदर्क भागात जोसेफ लँकेस्टर नावाच्या वीस वर्षांच्या क्वेकरपंथी तरुणाने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुले शेकड्यांनी येऊ लागली, शिक्षक ठेवण्यास पैसा नव्हता, म्हणून त्यानेही मुलांनाच मुलांवर नेमले. १८०३ साली त्याने आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिले त्यात बेलचे ऋण मान्य केले, आणि १८०४ साली तो स्वॉनेजला जाऊन बेलला भेटूनही आला. परंतु लौकरच बेलच्या मागे धर्मपीठ आणि लँकेस्टरच्या मागे धर्मपीठाबाहेरचे पंथ उभे राहिले, आणि शोध कोणाचा या प्रश्नावरून जो वाद पेटला त्यात एका बाजूने १८११ मध्ये नॅशनल सोसायटी व दुसऱ्या बाजूने १८१४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटी अशा दोन संस्था स्थिरावल्या. ज्या ओट्यावरून हे सारे निघाले त्या ओट्याचा पक्ष मांडणारा वकील या मामल्यात कोणी नव्हता.

लँकेस्टरच्या बरो रोडवरील शाळेचे वर्णन वाचताना मनात कौतुक आणि धास्ती एकदम उभी राहते. एका प्रचंड दालनात हजारभर मुले आणि त्यांच्यावर शिक्षक एक! सर्वांत लहान मुलांपुढे वाळूचे बाक होते. म्हणजे आपली धूळपाटी टेम्स नदीपर्यंत पोहोचलीच. वाचनाचे धडे मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर टांगलेले असत, त्यांच्यापुढे मुले अर्धवर्तुळात उभी राहत, आणि एका पुस्तकावर सारी शाळा वाचावयास शिके. ही युक्ती खरोखरच कल्पक होती. पण प्रत्येक कामावर एक नायक नेमलेला: धडा घेणारा नायक, पाट्या वाटणारा नायक, गैरहजर मुलांची चौकशी करणारा नायक, आणि त्या सर्वांवर पुन्हा नायकांचा नायक. शिक्षा म्हणून मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवीत, किंवा त्याला टोपलीत घालून दालनाच्या आढ्याशी टांगून ठेवीत. छडी वर्ज्य मानणाऱ्या दयाळू पंथाच्या माणसाला हे सुचावे, याचे नवल वाटते; आपल्या पंतोजींच्या घोडीची आणि ओणव्याची निंदा करणाऱ्यांनी ही टोपलीही विसरू नये.

पद्धतीची किंमत कमी आणि पसारा मोठा, हे दिसताच ती फ्रान्स, रशिया, ग्रीस अशी जगभर गेली. लँकेस्टर स्वतः बोलिव्हारच्या निमंत्रणावरून काराकासला जाऊन राहिला, आणि १८३८ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यात गाडीखाली सापडून मेला. बेल १८३२ साली वारला तो वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये पुरला गेला. त्याने मागे ठेवलेल्या द्रव्यातून सेंट अँड्र्यूजला जे विद्यालय उभे राहिले त्याचे नाव आजही मद्रास कॉलेज असे आहे.

इकडे कंपनीच्या संचालकांनी ३ जून १८१४ रोजी बंगालच्या सरकारास जो खलिता पाठवला त्यात, हिंदुस्थानातील गावशाळांची पुरातन रीत डॉक्टर बेल यांच्या द्वारे इंग्लंडात स्वीकारली गेली हाच तिचा मोठा गौरव होय, असे कबूल केलेले आहे. याहून मोलाचा कागद बल्लारीचा कलेक्टर कॅम्बेल याच्या दप्तरातला. १७ ऑगस्ट १८२३ च्या अहवालात त्याने आपल्या जिल्ह्यातील ५३३ शाळांची आणि त्यांतील ६,६४१ मुलांची नोंद केली. सकाळी सर्वांच्या आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत, आणि तिसऱ्यापासून हलक्या हाताने एक, दोन अशा चढत्या छड्या बसत, हेही त्याने टिपले आहे. वरच्या मुलांनी खालच्यांना शिकवण्याची जी रीत येथे आहे ती इंग्लंडने उचलली हे योग्यच केले, असे त्याचे मत पडले. त्याने दिलेल्या आकड्यांचा भागाकार केला तर एका शाळेत बारा-तेरा मुले पडतात. बारा मुलांत कोण कुठे अडतो हे सर्वांनाच ठाऊक असते. हजार मुलांत ते ठाऊक करून घेण्यासाठी हुकूम, इशारे आणि तक्ते लागतात. विलायतेने आपली रीत नेली ती बाराच्या मापाची, आणि चालवली हजारांवर. माझ्या समजुतीने सगळा फरक येथे पडला.

कॅम्बेलने स्तुतीबरोबर एक दोषही सांगितला होता, आणि तो भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. मुले जे काव्य पाठ करीत ते बोलीहून अगदी निराळ्या ग्रांथिक भाषेत असे; मुलांना त्याचा अर्थ कळत नसे आणि पुष्कळदा गुरूलाही कळत नसे. अक्षरे, अंक, पाढे यांच्यात वडील मुलगा धाकट्याला पुरा पडतो, कारण तेथे जे बरोबर आहे ते दोघांनाही दिसते. अर्थाच्या प्रांतात तसे नाही. तेथे ज्याच्याजवळ आहे तोच देऊ शकतो. हीच तक्रार पुढे इंग्लंडात लँकेस्टरच्या नायकांविषयी झाली.

मुंबईत १८२० साली देशी शाळा व पुस्तके यांसाठी एक कमिटी नेमली गेली, १८२२ मध्ये तिची स्वतंत्र सोसायटी झाली, आणि एल्फिन्स्टन साहेब तिचे अध्यक्ष होते. १८२३ च्या आपल्या टिपणात त्यांनी देशी शाळांतील शिकवण्याची रीत सुधारण्याची गरज सर्वांत आधी मांडली. आणि ती सुधारण्यासाठी सोसायटीने तजवीज केली ती लँकेस्टरच्या पद्धतीची! कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली नवे शिक्षक तयार करून मराठी आणि गुजराती मुलखांत पाठवण्यात आले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारखे विद्वान पुस्तके तयार करू लागले, छापील पुस्तक हाती आले, आणि अर्थ सांगण्याचा प्रश्न प्रथमच पुढे उभा राहिला. हा लाभ लहान नव्हता. पण ज्या पंतोजींना हे शिकवण्यात येत होते त्यांच्यापैकी एखाद्याने, वडील मुलाने धाकट्याला शिकवावे या कलमापाशी येताच मान वर करून शिकवणाऱ्या साहेबाकडे कशा नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करण्याचा मोह आवरत नाही.

ही विलायती आवृत्ती फार टिकली नाही. १८४५ साली मुंबईस शिक्षक तयार करण्याचा स्वतंत्र वर्ग निघून तो बाळशास्त्री जांभेकरांकडे आला. १८४६ मध्ये इंग्लंडात नायकांच्या जागी तेरा वर्षांच्या पुढची, पाच वर्षे उमेदवारी करणारी पगारी शिष्यशिक्षक मुले नेमण्याचा सरकारी क्रम सुरू झाला. शिक्षक हा स्वतंत्र पेशा ठरला, त्याची परीक्षा आली, दाखला आला, बढती आली. मूळची रीत मात्र सरकारी कागदांतून गेली तरी खेड्यांतून गेली नाही. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेत मास्तर तिसरीला हिशेब सांगत असतो तेव्हा चौथीतली एखादी मुलगी पहिलीच्या पोरांकडून मुळाक्षरे गिरवून घेत असते, आणि साहेब तपासणीला येणार असे कळले की तिला घाईघाईने आपल्या जागी नेऊन बसवतात.