तळटीप : मरणतुकडी
मूळ इंग्रजीत इथे ‘फॉर्लोर्न होप’ आहे. त्याचा आशेशी संबंध नाही. डच ‘फरलोरेन होप’वरून ते आले; त्यातल्या ‘होप’चा अर्थ जमाव, तुकडी. तटाला खिंडार पडले की सर्वांत आधी आत घुसणारी, बहुधा न परतणारी ही माणसे. म्हणून अनुवादात ‘मरणतुकडी’च हवे. स्पेनविरुद्धच्या डच लढ्यात (१५६८–१६४८) अनेक इंग्रज शिपाई होते; असे डच शब्द इंग्रजीत आले ते या संपर्कातून. रजेचा ‘फर्लो’ही डचच. खंदकाचा ‘ट्रेंच’ मात्र फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ कापणे. त्यासाठीच्या डच ‘लोपग्राफ’ शब्दात चालणे आणि खणणे एकत्र आहे. खंदकांचे युद्ध ठरलेल्या पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ होते; डचभाषकांपैकी ते खंदक भोगले ते बेल्जियमच्या फ्लेमिश शिपायांनी, आयझर नदीकाठी.