मार्कंडा : एका लहान गांवाचा इतिहास

वैनगंगेच्या डाव्या तीरावर, हल्लींच्या गडचिरोली जिल्ह्यांतील चामोर्शी तालुक्यांत, मार्कंडा नांवाचें एक लहानसें गांव आहे. एरवीं दक्षिणेकडे जाणारी नदी येथें वळण घेऊन कांहीं अंतर उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावर प्राचीन देवालयांचा प्रसिद्ध समूह उभा आहे. या देवळांविषयीं विद्वानांनीं लिहिलें आहे. परंतु देवळांच्या छायेंत गांव झांकून गेलें आहे. देऊळ कोणी बांधलें हा एक प्रश्न; देवळाजवळ माणसें केव्हांपासून राहूं लागलीं व तें कोणीं राखलें, हा दुसरा. प्रस्तुत लेखांत दुसऱ्याचा विचार करावयाचा आहे.

पहिली साक्ष पुराणाची. मृकंडु ऋषीचा पुत्र मार्कंडेय यास सोळाच वर्षांचें आयुष्य होतें. त्यानें शिवलिंगास मिठी मारली आणि यमास रिकाम्या हातीं परत जावें लागलें, ही कथा सर्वश्रुत आहे. येथील आवारांत मार्कंडऋषीचें मुख्य मंदिर असून मृकंडऋषी व यमधर्म यांच्या नांवांचींही मंदिरें आहेत. म्हणजे पिता, पुत्र आणि मृत्यु हे तिघेही एकाच कोटाच्या आंत नांदतात. ‘मृकंडूचें अपत्य’ या अर्थीं मार्कंडेय हा शब्द सिद्ध होतो. ‘मार्कंड’ असेंही रूप संस्कृतांत आढळतें. यास्तव गांवाचें नांव केवळ अपभ्रंश होय असें समजण्याचें कारण नाहीं. परंतु नांव देवावरून पडलें, एवढ्यावरून देव आधीं व नांव मागाहून इतकेंच सिद्ध होतें. त्यापूर्वीं तेथें वस्ती नव्हती, किंवा तिला दुसरें नांव नव्हतें, असें त्यावरून निघत नाहीं. पुराण श्रद्धा सांगतें. शक सांगत नाहीं.

दुसरी साक्ष दगडाची. चुन्याशिवाय रचलेलें जुनें देऊळ दिसलें कीं त्यास हेमाडपंती म्हणावयाचें, अशी आपल्याकडे चाल आहे. हेमाद्रि हा यादव राजा महादेव (इ. स. १२६१–१२७१) व रामचंद्र (इ. स. १२७१–१३११) यांच्या पदरीं होता. मार्कंड्याचीं देवळें त्याच्या पूर्वींचीं आहेत. जनरल कनिंगहॅम यानें १८७३ ते १८७५ या काळांतील मध्यप्रांताच्या दौऱ्यांत हें स्थळ पाहिलें, आणि १८७९ सालीं छापलेल्या आपल्या अहवालाच्या नवव्या भागांत त्याचें वर्णन केलें. सुमारें १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद अशा आवारांत वीसांहून अधिक लहानमोठीं देवळें त्यानें नोंदलीं आणि त्यांची तुलना खजुराहोशीं केली. शिखराची उत्तरेकडील धाटणी व भिंतींवरील मूर्तींच्या ओळी पाहतां ही तुलना यथार्थ वाटते. हें काम अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचें मानलें जातें.

आतां गांवाच्या दृष्टीनें पाहूं. वीस देवळें रानांत आपोआप उगवत नाहींत. पाथरवटांस वर्षानुवर्षें धान्य पाहिजे, दिव्यास तेल पाहिजे, पूजेस पुजारी पाहिजे, आणि पलीकडल्या तीरावरील यात्रेकरूस उतरून घेण्यास नावाडी पाहिजे. देऊळ उभें राहिलें तेव्हां त्याच्या भोंवतीं पिकती जमीन व राबतीं माणसें होतीं, हें अनुमान अपरिहार्य आहे. हा प्रदेश त्या काळीं केवळ अरण्य होता ही समजूतही टिकत नाहीं. नदीच्या पश्चिमेस भांदक येथें राष्ट्रकूट पहिला कृष्ण याचा शके ६९४ (इ. स. ७७२) चा ताम्रपट सांपडला असून त्यांत ग्रामदानाचा उल्लेख आहे. दान देण्याजोगीं गांवें या भागांत देवळांच्या कित्येक पिढ्या आधींपासून होतीं.

तिसरी साक्ष डागडुजीची. पुढें हा मुलूख चांद्याच्या गोंड राजांकडे आला. त्यांपैकीं बाबाजी याचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’ मध्यें आला आहे. मुख्य मंदिरावर वीज पडून शिखराचा वरचा भाग महामंडपावर कोसळला, आणि मागाहून एका गोंड राजानें मंदिर सांवरून धरलें, अशी परंपरा कनिंगहॅमच्या काळीं सांगितली जात असे. मूळ कामाच्या मानानें ही दुरुस्ती ओबडधोबड आहे म्हणून कलाभिज्ञ तिच्याकडे नाक मुरडून पाहतात. माझ्या मतें गांवाच्या इतिहासांत तिच्याइतकें मोलाचें दुसरें साधन थोडेंच आहे. ओसाड जागीं पडलेलें देऊळ कोणी सांवरीत नाहीं. तेव्हां पूजा चालू होती, यात्रा भरत होती, आणि राजाकडे गाऱ्हाणें नेणारें कोणी तरी गांवांत होतें.

चौथी साक्ष दप्तराची. चांदा इ. स. १७५१ मध्यें नागपूरकर भोसल्यांकडे व १८५४ मध्यें इंग्रजांकडे गेला. मेजर ल्युसी स्मिथ याचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा. या बंदोबस्तापासून गांवें नकाशांत व खसऱ्यांत बांधलीं गेलीं आणि मालगुजारीचे हक्क कागदावर आले. ते हक्क १९५१ सालीं संपले. १८६१ सालीं निर्माण झालेला मध्यप्रांत, १९५० पासून मध्यप्रदेश, १९५६ पासून मुंबई व १९६० पासून महाराष्ट्र, अशीं चार नांवें या मुलुखानें पाहिलीं. १९८२ सालीं २६ ऑगस्ट रोजीं जिल्हाही बदलून चांद्याचा गडचिरोली झाला. नदी व देऊळ मात्र जागच्या जागीं राहिलीं.

आज हीं देवळें केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहेत. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. ती उठली कीं पुन्हां शेत, मासळी व नदी एवढाच व्यवहार उरतो. मुख्य मंदिराचे दगड उतरवून पुन्हां रचण्याचें काम वर्षानुवर्षें लांबलें आहे. उतरविलेल्या दगडाची जागा नोंदली नाहीं, तर तो पुन्हां देवळाचा होत नाहीं, केवळ दगड उरतो.

कागदाचेंही तसेंच आहे. मालगुजाराच्या घरची वही किंवा पुजाऱ्याचें जुनें बाड हातीं येतांच आपण तें आनंदानें संग्रहीं ठेवतों. परंतु तें कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं, कोणत्या रुमालांत, कशाच्या शेजारीं होतें हें टिपून ठेवीत नाहीं. मग तेंही उतरविलेल्या दगडासारखें मुकें होतें. संग्राहक बंधूंस एवढीच विनंति कीं, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गांवांतून जें मिळेल त्याची प्रथम स्थळासह नोंद करावी, शक्य तर नक्कल घेऊन मूळ जेथल्या तेथें राहूं द्यावें, आणि वृद्धांच्या तोंडची हकीकत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. मृकंडूच्या पुत्राचें आयुष्य देवानें वाढविलें. गांवाच्या स्मृतीचें आयुष्य वाढविणें हें मात्र आपल्याच हातीं आहे.