कुर्तुब्याच्या गल्ल्यांतून

स्पेनच्या दक्षिण भागात ग्वादलक्विवीर नदीकाठी कॉर्डोबा शहर वसले आहे. अरबांचे हे कुर्तुबा. नदीचे नावही अरबीच : 'वादी-अल-कबीर', म्हणजे मोठी नदी.

रोमन पूल ओलांडून जुन्या शहरात शिरताच थोरली मशीद दिसते. अमीर अब्दुर्रहमान पहिला याने इ. स. ७८५-८६ मध्ये ती बांधावयास घेतली व पुढे दोन शतके ती वाढत गेली. आत साडेआठशेंच्या आसपास खांब आहेत. त्यांतील पुष्कळसे जुन्या इमारतींतून आणलेले व आखूड. म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान चढवून छत उंच केले. १२३६ साली फर्डिनांड तिसरा याने शहर जिंकले व मशिदीचे चर्च झाले.

मशिदीच्या वायव्येस यहुद्यांची जुनी पेठ आहे. अरुंद गल्ल्या, चुन्याने रंगविलेल्या भिंती, १३१५ मधील प्रार्थनामंदिर. यहुदी तत्त्वज्ञ मुसा इब्न मैमून याच शहरात जन्मला. शहराच्या तटाजवळ इब्न रुश्द यांचा पुतळा आहे. त्यांचा जन्मही येथलाच, ११२६ चा.

खलिफा हकम दुसरा (९६१-९७६) याने येथे गरिबांच्या मुलांसाठी सत्तावीस मोफत शाळा काढल्या आणि शिक्षकांचे वेतन स्वतः दिले. त्याच्या दरबारी लुबना नावाची विदुषी लेखनिक होती. व्याकरण व गणित यांत ती निष्णात होती.

विद्यार्थी मित्रहो, हे अभिमानाने सांगताना पुढचेही सांगितले पाहिजे. हकमच्या ग्रंथालयातील तत्त्वज्ञानाची पुस्तके त्याच्या मुलाच्या वजिराने, अल-मन्सूरने जाळविली. धर्मपंडितांची मर्जी त्याला हवी होती. ११९५ मध्ये इब्न रुश्द यांना हद्दपार करून त्यांचेही ग्रंथ जाळले गेले. तेव्हा राज्य मुसलमानांचेच होते. त्यांचे कित्येक ग्रंथ आज केवळ हिब्रू व लॅटिन भाषांतरांच्या रूपाने उरले आहेत. परक्यांनी ते जपले.

कुर्तुबा शत्रूने जिंकण्याआधीच तेथील विद्येला घरातून धक्का बसला होता. कमानींचे चित्र मुलांना जरूर दाखवावे. पण घरात मुलगा किंवा मुलगी अडचणीचा प्रश्न विचारील तेव्हा त्यांना गप्प करू नये, एवढी पालकांस नम्र विनंती.