घड्याळाचे काटे : अपूर्णांक, कोन आणि फेरे

वर्तुळाकार तबकडीच्या मध्याभोवती फिरून वेळ दाखविणारे दर्शक. पूर्ण फेरा ३६०° चा असतो. तबकडीचे १२ समान भाग केलेले असल्याने लगतच्या दोन अंकांत ३०° चा कोन होतो.

गती : तासकाटा १२ तासांत एक फेरा पुरा करतो, म्हणजे मिनिटाला ½° सरकतो. मिनिटकाटा मिनिटाला ६°, तर सेकंदकाटा सेकंदाला ६° फिरतो. मिनिटकाटा तासकाट्याहून मिनिटाला ५½° अधिक चालत असल्याने दोघे दर ६५ पूर्णांक ५/११ मिनिटांनी एकमेकांवर येतात. अहोरात्रात असे २२ वेळा घडते. काटकोन ४४ वेळा होतो.

अपूर्णांक : पाव, अर्धा व पाऊण तासात मिनिटकाटा अनुक्रमे ९०°, १८०° व २७०° फिरतो, दीड तासात ५४०°, म्हणजे दीड फेरा. पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात पाळ्यांच्या वेळा कारखान्यागणिक बदलतात. पाळी साडेतीनला सुटते असे धरल्यास त्या वेळी तासकाटा १०५° वर, मिनिटकाटा १८०° वर असतो आणि त्यांतील कोन ७५° भरतो. तासकाटा तीनवरच थांबला आहे असे समजून ९०° हे उत्तर काढणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे. सव्वातीनला हा कोन ७½°, पावणेचारला १५७½° असतो.

कार्यशाळेतील उपयोग : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) वसाहतींमुळे या पट्ट्यात वाहने व सुटे भाग यांचा उद्योग वाढला. तेथील मापनात काट्याचे हेच गणित चालते. डायल गेजच्या दट्ट्याची सरळ हालचाल दातेरी पट्टी व चक्रांमार्फत काट्याच्या फेऱ्यात बदलते. नेहमीच्या गेजमध्ये दट्ट्या १ मिमी सरकला की मोठा काटा एक फेरा घेतो. तबकडीवर १०० भाग असल्याने एक भाग ०.०१ मिमीचा व ३.६° चा होतो. पूर्ण फेरे लहान काटा मोजतो. चार जबड्यांच्या चकमधील गोल जॉबला डायल लावून चक हाताने एक फेरा फिरविल्यावर काटा एकूण २० भाग हलला, तर जॉबचा मध्य ०.१० मिमी सरकलेला असतो, कारण काट्याची एकूण हालचाल मध्याच्या सरकण्याच्या दुप्पट असते. मिलिंग मशिनवरील ४०:१ प्रमाणाच्या डिव्हायडिंग हेडमध्ये हँडलच्या एका फेऱ्याने जॉब ९° फिरतो. घड्याळाप्रमाणे १२ भाग पाडायचे तर प्रत्येक भागासाठी ३⅓ फेरे लागतात : तीन पूर्ण फेरे आणि १८ छिद्रांच्या वर्तुळावर ६ छिद्रे.

घटिका : २४ मिनिटे; एवढ्या वेळात पृथ्वी ६° फिरते.

स्थानिक वेळ : भारतीय प्रमाणवेळ ८२½° पूर्व रेखांशावर आधारलेली असून १९०६ पासून रूढ आहे. पिंपरी व चाकण सुमारे ७३.८° पूर्वेला आहेत. पृथ्वीला १° फिरण्यास ४ मिनिटे लागत असल्याने येथील स्थानिक माध्य वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असते.